डिम्फनाबाईंची वाचनखोली

डिम्फना लिनान या आमच्या शाळेच्या बाई. तीस वर्षं त्यांनी गावाला पाढे शिकवले आणि निवृत्त होताच पऱ्यांच्या कादंबऱ्यांच्या नादी लागल्या. त्यांतल्या दोन मी वाचल्यात. कुणी विदुषी वही घेऊन थंडगार गावात येते, शेकोटीपाशी बसून केक खाते, पऱ्यांच्या सवयी टिपून घेते आणि त्यांच्यातल्याच देखण्या राजपुत्राशी लग्न लावते. वाचून म्हणे जिवाला ऊब मिळते. आमच्या आयर्लंडातल्या क्लेअरमध्ये त्या भल्या मंडळींचं नुसतं नाव काढताना माणूस आवाज खाली आणतो, आणि बाईंच्या पुस्तकात त्याच पऱ्या स्वेटर विणत बसतात.

बाईंच्या घराला ओल. पुस्तकांना बुरशी धरली, तेव्हा त्यांनी मागच्या अंगाला कोरडी वाचनखोली बांधायचं ठरवलं. जन्मात स्वतःसाठी त्यांनी मागितलं ते एवढंच. पण जागा एकच आणि तिथे हॉथॉर्नचं काटेरी झाड, एकटंच उभं. असलं एकटं झाड त्या मंडळींचं असतं, त्याला कोणी हात लावत नाही.

तसं तोंडाने मात्र कोणी बोललं नाही. गवंड्याची पाठ धरली. सुतार टोमासची करवत बोथट झाली ती तीन महिने बोथटच राहिली. मी खांदा दुखतो म्हणून सांगितलं, आणि त्याच खांद्यावर मेंढी टाकून जाताना बाईंनी मला गाठलं.

"लाज वाटत नाही, फिंटन? तुला विज्ञान शिकवलं मी."

"माझा नाहीच विश्वास त्यांच्यावर, बाई."

"मग काप की."

"माझा विश्वास नाही म्हणून ती काय जागा सोडून जाणार आहेत?"

गावाचं वाटोळं असल्या अडाणीपणानेच झालं, असं त्या म्हणाल्या. मग माझंही डोकं फिरलं.

"तुमच्या पुस्तकातल्या पऱ्या चहाला येतात ना? त्यांनाच सांगा कापायला."

बाई लालबुंद झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची जुनी करवत घेऊन त्या स्वतःच झाडाशी गेल्या. खोटं कशाला बोलू, हसायला मिळेल म्हणूनच मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. बाईंनी गुडघे टेकले, खोडावर करवत ठेवली. बराच वेळ ती तिथेच राहिली. मग त्या उठल्या आणि गुडघे झटकले.

"आज वारा फार आहे," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"फारच आहे, बाई," मी म्हटलं. "माझा माळा कोरडा आहे. पुस्तकं न्यायला ट्रॅक्टर आणतो."