खदान तपासणारे साहेब

आमच्या गिट्टीखदानीत वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. बोलायच्या आधी चष्मा पुसायचे. मालकाचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. ते येणार त्याच दिवशी धूळ दाबायला दगड फोडायच्या क्रशरवर पाणी मारायचं, बायांना तोंडाला बांधायला नवे रुमाल वाटायचे अन् साहेब गेले की परत घ्यायचे.

एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. माझी बायको तिथंच गिट्टी भरून राहिली होती.

"भाऊ, वहिनी फार खोकतात. पाणी रोज मारतात का? तुमचं नाव येऊ देणार नाही."

दोघांचंही काम जाईल, याचं मला भेव. "रोज मारतेत साहेब," मी म्हणलं.

त्यांनी बाजूच्या कडुलिंबाच्या पानावरून बोट फिरवलं अन् धुळीनं पांढरं झालेलं बोट मला दाखवलं. मी खाली पाहिलं. मग मी सांगितलं तेच त्यांनी लिहिलं.

बायको त्याच खोकल्यानं गेली.

परवा अमरावतीच्या स्टँडवर साहेब भेटले. रिटायर झालेत.

"भाऊ, वहिनी कशा आहेत?"

"बरी हाय साहेब."

खरं सांगितलं असतं तर ते स्वतःलाच दोष देत बसले असते, अन् खोटं तर मी बोललो होतो.