झांजेखाली दबलेले बाबा

गाडीत नवे ट्वीटर बसवले त्या दिवसापासून मला माझ्याच गाडीची शिसारी आली आहे. ट्वीटर म्हणजे पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना लावलेले, थेट कानाच्या भोकाकडे रोखून बघणारे बटणाएवढे स्पीकर. बारीक, टोकदार आवाज काढणं एवढंच त्यांचं काम. मला गाण्यातलं काही कळत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आता पेणच्या बाजारपेठेलाही कळलं.

हे सगळं केलं आईसाठी. बाबा गेल्यावर त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, गावच्या देवळातल्या भजनाचं, कुणीतरी मोबाइलवर केलेलं. आईला ते ऐकायचं होतं, पण फोनवर तिला नीट ऐकू येईना. म्हटलं, बहिणीकडे रोह्याला जायचंच आहे, तर गाडीत ऐकवू. दुकानदार म्हणाला, "शेठ, ट्वीटर टाका. माणूस समोर बसून गातोय असं वाटंल."

पण त्या आवाजात समोर येऊन बसले ते काका. बाबांचे हे धाकटे भाऊ भजनात झांज वाजवतात, आणि तो मोबाइल बहुधा त्यांच्याच मांडीवर असावा. पेण सुटताच भजन लावलं आणि छण्ण! दाभणाने दात कोरावेत तसं झालं. तोंडाला पितळेची चव आली.

"अरं, तुजं बाबा कुठं हायत ह्याच्यात?" आई ओरडली.

"आहेत गं. मागे आहेत."

"जिते व्हते तवा पन ह्यो मेला असाच त्यांच्या डोक्यावर वाजवीत बसायचा!"

मी ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं बटण, उतरवलं. काका गेले, पण जाताना शब्दही घेऊन गेले. बाबा गोधडीत तोंड खुपसून गातायत असं वाटायला लागलं. चढवलं, की काका हजर. एका हाताने खड्डे चुकवत, दुसऱ्याने ते किळसवाणं बटण पिळत नागोठणं गाठलं. स्पष्ट आवाज या गोष्टीचाच वीट आला होता.

निडीच्या अलीकडे आईने गाडी थांबवायला लावली. हातरुमालाचा बोळा करून तिने आपल्या बाजूच्या ट्वीटरवर दाबला.

"तुज्याकडचा तू दाब. आन् बटान व्हतं तिथं आन."

मी हाताने माझा दाबला. बाजूने गेलेल्या एस्टीतली माणसं वाकून बघत होती.

आणि बाबा आले. खाकरत, धापा टाकत, पण तेच. आणि काय सांगू, इतके बेसूर! वरच्या सुराशी पोचायच्या आत त्यांचा दम जायचा, आणि नेमकी तिथेच, आता लांबून ऐकू येणारी, काकांची झांज जोर धरायची.

आईने अभंग संपेपर्यंत रुमाल दाबून धरला.

"सांबाळून घेत व्हता की रं त्यांना," ती म्हणाली. मग लगेच नाक मुरडलं. "पन म्हनून येवढ्या जोरात?"

"परत लावू?"

"लाव. आन् हात काडू नको."