एका स्वयंपाकघराचं गाव

ताईचा फोन आला तेव्हा मी रिसालीतल्या घराच्या गच्चीवर टाकी धूत होतो. "ये," एवढंच ती म्हणाली. 'जेवला का' विचारलं नाही, त्यावरूनच कळलं, भाऊजी गेले... काही आठवडे झाले या गोष्टीला. लिहायला बसलो की नुसता थकवा येतो.

प्रभाकर भाऊजी इथल्या पोलाद कारखान्यात पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना घडवायचा, हे त्यांचं काम. ड्युटीवरून सेक्टर सहातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले की उरल्यासुरल्या लाकडातून ते एक गाव घडवत बसायचे. शिंपल्यासारखी वळलेली घरं, एकमेकांत उतरणारी अंगणं आणि सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर. आमच्याकडे क्वार्टर पाहून माणसाचा ग्रेड सांगता येतो. त्यांच्या गावात साहेबाचं घर ओळखूच यायचं नाही. आलेल्या पाहुण्यानं आपलं घर निवडायचं, हा त्यांचा रिवाज. गोंदियाच्या मामांनीही कोपऱ्यातलं एक धरून ठेवलं होतं. ताई चिडवायची, "तुमच्या गावात भांडी कोन घासते, थे सांगा ना." त्यावर बरेच दिवस खपून त्यांनी मधोमध गोल मोरी केली, प्रत्येक दारातून उतरता येईल अशी. ताई म्हणाली, आता भांडणंही तिथंच होतील.

रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. मी तेव्हा रिसालीत बांधकाम काढलं होतं. एक दिवस ते कापडात गुंडाळून माझ्या घराचं मॉडेल घेऊन आले. दोन बिऱ्हाडं, मध्ये एक स्वयंपाकघर. "साळेबुवा, गाव तर काही होत नाही. दोन घरं तरी करून पाहू," म्हणाले. मेहुणा म्हणून मला ते साळेबुवाच म्हणायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या कुणाला विचारणार? मी 'पाहतो' म्हणालो. बायकोला सांगितलंच नाही. वरचा मजला भाड्यानं दिला आणि भाऊजींना कळवलं, हिला पसंत नाही. मला माझं वेगळं घर हवं होतं, एवढंच. तिचं नाव मी पुढं केलं हे तिला आजवर ठाऊक नाही. इथं वाचूनच कळेल.

ताई-भाऊजी सुपेल्यात एका वर्कशॉपमागच्या खोलीत राहायला गेले. भाऊजींनी मॉडेल परत नेलं, विषय पुन्हा काढला नाही. सणाला यायचे, हिच्या हातच्या पुरणपोळीचं कौतुक करायचे. मी त्यांच्या पानात आणखी एक वाढायचो.

तेरवी झाल्यावर ताईला म्हणालो, रिसालीला चल, वरचा मजला रिकामा करवतो. ती म्हणाली, "अन् हे?" खोलीभर गाव पसरलं होतं. भाऊजींनी सगळे भाग तिथंच सरसानं जोडून टाकलेले. दारातून ते निघणारच नव्हतं. साच्यातून नमुना अलगद कसा निघेल, याचाच जन्मभर विचार केलेला माणूस, आणि दार विसरला. मी म्हणालो, करवतीनं कापून नेऊ. तिनं नकारार्थी मान हलवली.

मग मी तिला खरं काय ते सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "त्यायलेही. तुह्या बायकोनं आमाले कितीदा म्हटलं, इकडंच राहाले या म्हणून."

"मग बोलले कावून नाही?"

"थे म्हणे, त्याच्या घराले मी छत बसवत नाही. थ्याचं थो पाहील."

ती आली नाही. आता मीच जातो. कारखान्याची धूळ रोज त्या गावावर बसते. भाऊजी रंगाच्या ब्रशनं झाडायचे. ताईनं तो ब्रश माझ्या हातात दिला. बाकीच्या घरांवरून तो सहज फिरतो. माझ्या घराचं ते दोन बिऱ्हाडांचं मॉडेल त्यांनी अगदी कडेला जोडलंय, स्वयंपाकघरासकट. त्यांच्या बाजूला छत आहे, माझ्या बाजूला नाही. धूळ आत जमिनीवर जाऊन बसते, तिथं ब्रश पोचत नाही... गुडघे टेकून, तोंड जवळ नेऊन फुंकर मारावी लागते.