पाण्याला जायची वाट

कालव्याकडच्या आमच्या दोन एकरांवर सकाळचा उजेड पडला की ते रान फार सुंदर दिसायचं. पांढरंशुभ्र, कुणी पहाटे पीठ चाळून गेल्यासारखं. लग्न होऊन इंदापूरकडून कोऱ्हाळ्याच्या शिवारात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ते बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, किती छान! ते वर आलेलं मीठ आहे, तिथं काही उगवत नाही, हे सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी जात्याच उतावळी. कपड्याचा साबण पाण्यानं निघतो, तसं मीठही निघेल, अशी माझी अक्कल. कालव्याच्या पाण्याची आमची पाळी आली की बाकीची पिकं सोडून मी त्या रानातच पाणी तुंबवायची. अर्ध्या गावानं हेच केलं होतं, त्यामुळं मला कुणी अडवलंही नाही. पाणी आटलं की मीठ आधीपेक्षा जाड. मग दुकानातून कसल्याशा औषधाचा कॅन आणला, रानात ओतला आणि मका पेरली. पंधरा दिवस मका अशी हिरवीगार दिसली की मी शेजारणींना बोलावून दाखवली. नंतर शेंडे करपले. शेजारणी पुन्हा आल्या, या वेळी न बोलावता.

तिसरा उपाय माझ्या नवऱ्यानं काढला. रान रस्त्याकडेचं, प्लॉटिंगवाला मागतोय, देऊन टाकू. नवरा साखर कारखान्यात नोकरीला. एका दिवसात निकाल लागणारी गोष्ट त्याला आवडायची, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण आबांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं.

"त्या रानात पाण्याला यायला वाट हाय, जायाला न्हाय," ते म्हणाले. "आधी ती करू. मग काय इकायचं ते इका."

तीन वर्षांची मुदत ठरली. तोवर रान हिरवं झालं नाही, तर विकायचं.

मशीन आणावं तर त्या चिखलात रुतायचं. मग खालच्या बांधाच्या कडेनं थेट ओढ्यापर्यंत छातीएवढा खोल चर आम्ही दोघांनी हातानं खणायला घेतला. रोज सकाळी फावड्याच्या दोन दांड्यांइतका, जास्त नाही. मी पुढं खणू लागले की आबा हातातून फावडं काढून घ्यायचे. उद्या अंग उठलं पाहिजे, म्हणायचे.

सुरुवातीला मी मनातून चरफडायची. मग कधी कोण जाणे, त्या सकाळींची मला ओढ लागली. चरात उतरलं की गाव वर राहायचं. ट्रॅक्टर, कारखान्याचा भोंगा, कुणाची हाक, सगळं लांबून, पाण्याखालून ऐकल्यासारखं. मातीच्या भिंतीतून थेंब झिरपायचे आणि तळाशी त्यांची बारीक धार होऊन ओढ्याकडं निघायची. मी बोट बुडवून जिभेला लावायची. पहिल्या वर्षी लोणच्याच्या खारासारखं पाणी. आबाही चाखायचे, आणि आमटी चाखून बघावी तसे आम्ही एकमेकांकडं बघायचो. कमी झालं का? थोडं. त्या 'थोडं'वर मी दिवसभर गुणगुणत असायची.

मग कालव्याचं तेच पाणी पुन्हा सोडलं. आता ते मीठ घेऊन निघून जायचं. हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला, कमरेला लागला तसा नांगरून मातीत गाडला. पुन्हा पेरला, पुन्हा गाडला. हातानं पेरलेलं हातानं गाडायचं आणि वर खूश व्हायचं, हे मला जमेल असं माझ्या आईलाही वाटलं नसतं.

तिसऱ्या हिवाळ्यात गहू केला. ओंब्या इतरांच्या मानानं लहानच होत्या, आणि एका कोपऱ्यात जाजमाएवढा तुकडा अजून पांढरा होता. नवरा कामावरून येताना बांधावर थांबला. एक ओंबी तळहातावर चोळून दाणे तोंडात टाकले, आणि माझ्यासमोरच प्लॉटिंगवाल्याला फोन करून नाही सांगितलं. मला रडू आलं. आबांना म्हटलं, जिंकलो आपण.

आबा गव्हाकडं बघत होते.

"हे रान पांढरं नव्हतं, पोरी. बापानं मला काळंभोर दिलं हुतं. ऊस वाढंल म्हणून मीच त्याला पाणी पाजून पाजून मारलं. तसंच तुमच्या हातात देऊन जायाचं म्हंजी..."

तीन वर्षं रोज सकाळी शेजारी उभं राहून राबले, पण त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, रान हिरवं करायचा माझा हट्ट म्हातारा पुरवतोय.

मी त्या कोपऱ्याकडं बघितलं. तो पांढरा तुकडा अजून शिल्लक होता, म्हणजे आबांसोबतच्या सकाळीही, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.