मालकांची सीट

माझ्याकडे जुनी जर्मन गाडी आहे असं ऐकलं की लोक मला उगाच पैसेवाला समजतात. मी मूळचा नाशिकचा, वापीकडच्या गलोंड्याच्या एका सूत कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर. गाडी आमच्या मालकांची. ते गेल्यावर मुलांना ती दारात नको झाली, आणि तिच्या डिझेल इंजिनाचा खोल, सावकाश आवाज ऐकून ऐकून मला तिचं वेड लागलं होतं. मालकीणबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी, गाडी देताना एवढंच म्हणाल्या, "चालवायची सीट तेवढी हलवू नका."

अट मला किरकोळ वाटली. मालक चांगले उंच आणि मी बुटका. पाठीमागे जाड उशी घेतली तेव्हा कुठे पाय ब्रेकला पोचले. बायको म्हणाली, "तुम्ही त्यांच्या मांडीवर बसून गाडी चालवताय." ती थट्टा करत होती. पण तेव्हापासून पाठीशी मला नुसती उशी कधी जाणवली नाही.

गाडी उन्हात राहिली की सीटमधून वेलदोड्याचा वास येतो. मालकांच्या तोंडात सतत वेलदोडा असायचा. स्टिअरिंगवर त्यांच्या अंगठ्यांनी दोन जागा गुळगुळीत केल्यात, माझे अंगठे आपोआप तिथेच जातात. गाडी फाटकाशी आली की खात्यातली बडबड अजूनही थांबते. वॉचमन ताठ उभा राहून सलाम ठोकतो, मग आत मला बघून कसनुसं हसतो. एकदा कामगारावर ओरडण्याआधी मी अगदी मालकांसारखा खाकरलो. खरं सांगतो, अंगावर काटा आला. आणि थोडं आवडलंही.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. पहिला हार मात्र या गाडीला. मग मालक वहिनींना घेऊन दुधनीला जायचे, मधुबन धरणाचं पाणी बघून परत यायचे. ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. वहिनी चालवणाऱ्याच्या मागे बसतात. पुढची जागा त्यांच्या सासूबाईंची होती, आणि त्या वारल्यावरही वहिनी कधी पुढे आल्या नाहीत. वाटेत त्या बोलत नाहीत, बाहेर बघत नाहीत. उतरताना म्हणतात, "बरं वाटलं." त्यासाठी मी जन्मभर उशी घेऊन बसलो असतो.

यंदा दसऱ्याआधी गाडी वापीच्या गॅरेजात दिली. काम ब्रेकचं होतं. घ्यायला गेलो तर खानदेशातला मेकॅनिक खुशीत दार उघडून उभा. "साहेब, सीट जाम व्हयेल व्हती. ग्रीस लाई दिधं. आते मस्त सरकस." आणि त्याने ती माझ्या मापाने पुढे आणून दाखवली. त्याला काय बोलणार? बिचाऱ्याने मला सुख दिलं होतं.

घरी अंगणात मी सीट मागे घेतली, एक खाच पुढे, एक खाच मागे. पाठीचा कल कमी केला, वाढवला. दिवसभर सुताची जाडी तपासणारा माणूस मी, पण ती जागा काही सापडेना. शेवटी अंदाजाने ठेवली आणि उशी लावली.

दसऱ्याला वहिनी नेहमीसारख्या मागे बसल्या. दुधनीला पाण्याजवळ मी इंजिन बंद केलं तरी त्या उतरेनात.

"सीट हलवलीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

मी गॅरेजचं सगळं सांगितलं. मागे वळून बघितलं, तर आपले गुडघे आणि माझी सीट यांच्यामधल्या फटीत त्यांनी हात घातला होता. फट जेमतेम तळहाताएवढी होती.

"इथे माझे गुडघे अवघडायचे. दर वेळी मी सांगायचे, थोडी पुढे घ्या. ते हो म्हणायचे आणि तशीच ठेवायचे. भांडणं झाली त्यावरून." त्यांनी फटीतला हात सीटच्या पाठीवर टेकवला. "ते गेल्यावरही गुडघे टेकायचे. वाटायचं, अजून ऐकत नाहीत."

"वहिनी, अजून मागे घेऊ का?"

"नको. आता घेतली तरी ती तुम्ही घेतलेली असेल."

हात त्यांनी तिथेच ठेवला होता. मी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर पाठीशी फक्त उशी होती, आणि अख्ख्या गाडीत मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.