बदकांचं रिझर्व्हेशन

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली कंडक्टर काही निवृत्त झाली नाही. घरात कुणी दारात रेंगाळलं की त्या आजही म्हणतात, "पुढे सरका, दार मोकळं ठेवा." मुलगा सरकतो. नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा सरकतो. सरकत नव्हती ती फक्त सुनेची बदकं.

कोंबड्या बाईंच्या, बदकं सुनेची, अशी त्या घरात वाटणी होती. सून नर्स. ती महिनाभराच्या ट्रेनिंगला परगावी गेली आणि जाताना आपली चार बदकं सासूच्या पदरात टाकून गेली. ही मंडळी मागच्या दारी एका लाकडी खोक्यात, जमिनीवरच भुशात लोळून झोपायची. बाईंना ते बघवेना. त्यांच्या खुराड्यात कशी शिस्त! आडव्या दांड्या, दांड्यांवर रंगाने घातलेले नंबर, प्रत्येक कोंबडीची जागा ठरलेली. "सीट रिकाम्या असताना यांनीच का खाली बसून प्रवास करायचा?" असं म्हणून त्यांनी ते खोकं फोडलं, त्याच्या फळ्यांची शिडी केली आणि बदकांना थेट वरची दांडी दिली.

कुणी म्हणेल, बाईंनी बदकाचे पाय कधी पाहिले नव्हते का? पाहिले होते हो. पण बाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. बदक उचलून दांडीवर ठेवायचं, ते फतकन खाली. पुन्हा वर, पुन्हा फतकन. शेवटी ती दांडीखालीच बसू लागली आणि वरच्या कोंबड्यांनी त्यांच्या डोक्यावर जे करायचं ते केलं. बदकांनीही उसनं ठेवलं नाही. पाण्याचं भांडं उपसून सगळा भुसा असा भिजवला की कोंबड्या शिंकायला लागल्या. मग एका संध्याकाळी बदकांनी खुराड्यात पाऊल टाकायलाच साफ नकार दिला. बाईंनी शिट्टी मारली, दटावलं, काठी घेऊन परसभर पळाल्या. नाकी नऊ आले. बदकं आपली मोरीत ठाण मांडून बसली.

सकाळी मोरीपाशी पिसांचा सडा. गल्लीतला काणा बोका रात्रपाळी करून गेला होता. चारही बदकं जिवंत होती, पण थोरल्या नराची शेपटी गायब. एकदा वाट सापडलेला बोका आज पुन्हा येणार, हे काय सांगायला हवं? आणि रविवारी सून येणार. हाताने भरवून वाढवलेली पिल्लं तिची. एखादं गेलं तर ती भांडणार नाही, नुसती बघेल. बाईंना त्या बघण्याचीच धास्ती होती.

ऊन कलायला लागलं तसा त्यांचा धीर सुटला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण त्यांना आठवली. यातलं गाढव नेमकं कोण, यावर मात्र त्यांनी फार विचार केला नाही. फोन उचलला.

"काय ग, ते तुझं खोकं केवढं उंच होतं? सहज विचारतेय."

"आई, शेपटी पुन्हा येते. काळजी करू नका."

म्हणजे चिरंजीवांनी फोटो पाठवून चुगली केली होती तर.

"तुला माहीत होतं? मग फोन का नाही केलास?"

"सकाळपासून दहादा हातात घेतला. पण मागे एकदा सांगायला गेले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, माझ्या घरात मला शिकवू नकोस."

म्हणाल्या होत्या. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या होत्या. बाईंना आपलीच लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्याने पुढे काय करतात ते सुचेना.

"बरं, आता शिकव," त्या शेवटी म्हणाल्या.

सुनेने शिकवलं. घर वेगळं, दार जमिनीलगत आणि चांगलं रुंद. खाली कोरडा भुसा जाड पसरायचा, रात्री पाणी बाहेर ठेवायचं. हवेला वर जाळी हवी, पण बोक्याचा पंजा शिरणार नाही अशी बारीक आणि दणकट. कडी नुसती लोटायची नाही, खिळा घालून अडकवायची. "आणि आई, शिट्टी नको. दोन्ही हात पसरून मागून सावकाश चालायचं. घाई केली की ती बिथरतात."

बाईंनी शिडी मोडली. मुलाला फळ्या धरायला उभं केलं आणि चुगलीबद्दल त्याला येता-जाता टोमणे मारत ठोकाठोकी केली. दिवेलागणीला त्या मोरीपाशी गेल्या, हात पसरले, तोंड घट्ट मिटलं. बिनशेपटीचा नर उठला, डुलत डुलत आत शिरला. त्याच्यामागून बाकीची. बाईंनी कडी लावली, खिळा घातला, दार ओढून पाहिलं आणि पुन्हा फोन लावला.

"गेली आत. चारही."

पलीकडून सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला.

"आता जेवून घे नीट. आणि रविवारी आलीस की जरा कोंबड्यांचंही बघ. शिंकताहेत अजून."

सून हळूच म्हणाली, "तुमच्या कोंबड्यांचं? मी सांगू?"

"मग काय, बदकांना विचारू?"