नावं कापलेला पिवळा धोत्रा

कमरुन्निसा मॅडमच्या पुड्यांवरची नावं मी कात्रीनं कापली, तेव्हा आपण लई शहाणपणाचं काम करून राहिलो असंच मला वाटत होतं. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मॅडम जीवशास्त्र शिकवतात, प्रॅक्टिकलची खोली माझ्याकडं. स्पॉटिंगची रीत ठरलेली: नमुना टेबलावर ठेवायचा, नाव काढायचं, पोरांनी ओळखायचं. टेबलावर पुड्या दिसल्या. कापली नावं, चिकटवले आकडे.

पुड्या पोरांसाठी नव्हत्याच. मॅडम त्या घेऊन दुसऱ्या दिवशी नांदेडला पीएचडीच्या सरांकडं, हणमंतरावांकडं निघाल्या होत्या. आत पिवळ्या धोत्र्याचं बी आणि पानं. अनारशावरच्या खसखशीच्या कुळातलंच हे काटेरी रान. एक जात हळदी फुलाची, दुसरी फिकट फुलाची. फूल वाळून गेलं की ओळखायचं कशावरून? मॅडमचं म्हणणं, बी आणि पान सांगतं. हणमंतराव सरांचं म्हणणं, "पटवून द्या, नाहीतर विषय बदला."

मॅडम औशाच्या. वडील करीमभाई शिंपी. भूकंपानंतर ते पडलेल्या गावांत कपडे वाटायला जायचे, तेव्हा सायकलवर मागं ही शाळकरी पोर. पुढच्या हिवाळ्यात ढिगाऱ्यांवर आधी पिवळा धोत्राच फुलला. लोक तोंड फिरवायचे, हिनं विचारलं, "अब्बा, त्या ढिगावरचं फूल फिकं का हाय?" अब्बांना सांगता आलं नाही. मग ही स्वतःच शोधत सुटली. आमची पोरं विचारतात, "मॅडम, हे परीक्षेत येतं का?" त्या म्हणतात, "न्हाई बाबा, म्हणून तर निवांत शिकून राहिले."

त्यांनी पुड्या उलटसुलट बघितल्या.

"शिवमराव, नावं कुठं गेली?"

"कचऱ्यात. कचरा जाळला."

"कोणत्या आकड्याला कोण, लिहून ठेवलं?"

"तेच राहिलं."

मॅडमनी पुड्या पिशवीत भरल्या. मग म्हणाल्या, "चला तुम्ही पण नांदेडला. शिव्या खायला माणूस लागंल."

सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "आता दाखवणार काय?"

"ओळखून दाखवते सर. कोणती कुठली, मलाही ठाऊक न्हाई आता."

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. बीवरच्या जाळीची घरं केवढी, पानाच्या पाठीवर काटे कुठं दाट, मेणाची साय किती, सगळं बघून एकेका आकड्यापुढं जात लिहिली. मी शिक्षा झाल्यासारखा कोपऱ्यात उभा.

"आणि खरं-खोटं कोण करणार?" सर म्हणाले.

"कुंड्या."

सरांनी बी स्वतःच्या हातानं पेरलं. होळीच्या सुमारास फुलं आली, तसं बोलावणं आलं. मॅडमनी लिहिलेला कागद घेऊन सर कुंडीकुंडीपुढं थांबले. हळदी लिहिलं तिथं हळदी, फिकट लिहिलं तिथं फिकट. "विषय हाच ठेवा," एवढंच बोलले, पण चहा स्वतः घेऊन आले.

लातुरात पहिल्या आलेल्या पोरांचे फलक चौकाचौकात असतात. मला आमच्या मॅडमचा लावायचा होता. "धोत्र्यासोबत फोटो? लोक भितील," म्हणाल्या. मग मीच बसस्टँडपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटलो.

फिकट लिहिलेली एक कुंडी मात्र रिकामीच राहिली. बी उगवलंच नाही. मॅडम म्हणाल्या, "एवढी एक तुमच्याकडं बाकी. देवणीला तुमच्या बांधावर फिकट फुलाचं हाय म्हणता, त्याचं बी आणा."

"हाव," म्हणालो. त्यानंतर देवणीला दोनदा जाऊन आलो. आईनं दिलेलं तूप आणलं. बी अजून आणायचंय.